एक तांब्या पाणी

ही गोष्ट खरी आहे.

खरी म्हणजे, जिच्यावर गुदरली तिच्याच तोंडून आमच्या घरातल्या चौघांनी वेगवेगळ्या वेळी ऐकलेली. चौघांनाही तिनं अक्षराचा फरक न करता सांगितली. आमच्या घरात चौघांचं एकमत झाल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

साल १९३४. मे महिना. अलिबागेहून रेवसकडे निघालं की डाव्या हाताला समुद्रकाठची गावं लागतात, त्यांतलं एक. नाव सांगत नाही. तिथले लोक आता मुंबईकरांना वाड्या विकतात, त्यांच्या पोटावर पाय कशाला.

दिवस मंगळवार.

आणि वेळ... भर दुपारची.

भुतं रात्री निघतात असा लोकांचा समज आहे. पण या गोष्टीतली बाई एकदा अंधारात बाहेर पडली होती आणि ते तिला चांगलंच महागात पडलं होतं. तिनं दुपार पसंत केली, यात नवल नाही.

अनुसूया, म्हणजे आमच्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, मूळची गिरगावातली. नवऱ्याला गाव भाऊ ओव्हरसिअर म्हणे. भाऊंची सारी नोकरी मुंबईत मैलापाण्याचे नळ घालण्यात गेली. साहेबांच्या बंगल्यांमागे त्यांनी सेप्टिक टँक बांधले, शोषखड्डे खणले. पुढे गुडघे दुखायला लागले, तेव्हा पेन्शन घेऊन बायकोसह गावच्या नारळी-पोफळीच्या वाडीत राहायला आले.

आणि अनुसूयेला कळलं, की त्या घरात एक बाई आधीच राहते.

ती आठ वर्षांपूर्वी वारलेली होती. पण म्हणून तिचं राहणं काही कमी झालेलं नव्हतं.

वेणूबाई. भाऊंची पहिली बायको. भाऊ मुंबईला असत तेव्हा वाडी आणि सासू तिनंच सांभाळलेली. लोणच्याच्या बरण्या वेणूच्या. विळी वेणूची. मागच्या दाराचा मोगराही वेणूनं लावलेला. अनुसूयेनं आमटी केली की सासूबाई, आनंदीबाई, पहिला घास घेऊन थांबत.

"बरी झालीय हो," त्या म्हणत. "वेणू कोकम जरा उशिरा घालायची, एवढंच."

मूलबाळ दोघींनाही नव्हतं. तेवढ्या एका बाबतीत बरोबरी होती.

शिवाय गळ्यात टाक. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती रागवत नाही. करंगळीच्या नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर दोन ठिपके आणि एक रेघ. म्हणजे वेणूबाईंचा चेहरा. आंघोळीलाही काढायचा नाही. नवऱ्याशेजारी आडवं झालं तरी ती दोन टिंबं मध्ये जागी असत.

आता थोडं नाजूक सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं समजणार नाही.

घरात संडास नव्हता. गावातच कुणाकडे नव्हता. बायका तांब्या घेऊन वाडीच्या टोकाला केवड्याच्या बनात जात. तिथला एक रिवाज होता. बनापाशी आलं की खाकरायचं. आत कुणी असलं तर तिनंही खाकरून उत्तर द्यायचं, मग बाहेरचीनं थांबायचं. बोलायचं नाही, डोकावायचं नाही. चाळीत दाराला कडी असते, इथं खाकरणं हीच कडी.

त्यातही वेणूबाई सरस होत्या.

"वेणूचं खाकरणं कसं गोड," सासूबाई सांगत. "दोनदा. आधी हलकं, मग जरासं वर. तुझं म्हणजे गो, गाडीवानानं बैल हाकल्यासारखं वाटतं."

याच बनात, २६ साली, पहाटेच्या अंधारात वेणूबाईंना फुरसं चावलं. उजाडल्यावर सापडल्या. शेजारी तांब्या उभा होता.

भरलेला.

"हिरवा चुडा लेऊन गेली," सासूबाई म्हणत. "भाग्य लागतं त्याला."

अनुसूयेला त्या मरणाचाही हेवा वाटे. असा हेवा कुणाला सांगताही येत नाही, ही त्याची मोठीच अडचण असते.

एक दिवस ती भाऊंना म्हणाली, "अहो, मला संडास हवा. दार असलेला. आतून कडी लागेल असा."

या घरात एक तरी वस्तू अशी हवी, जी वेणूची नव्हती. हे ती मोठ्यानं बोलली नाही.

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अनुसूयेला वाटलं, प्रेमाचं.

होतंही. कुणाबद्दलचं, ते तिला चार दिवसांनी कळलं.

भाऊंनी विचारलं, "कुठे बांधू?"

तिनं मागच्या दारी बोट दाखवलं. "तिकडे कडेला. मोगरा आहे, वास आला तरी कळायचा नाही."

भाऊंनी एकदा मोगऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आधी जमिनीला विचारायला हवं."

जमिनीला विचारायची रीत अशी. वीतभर रुंद, हातभर खोल खड्डा घ्यायचा. तो दिवसभर भरत राहायचा, म्हणजे माती पुरती भिजते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा, इंचाच्या खुणांची पट्टी उभी करायची आणि घड्याळ लावून बसायचं. इंचभर पाणी पाच मिनिटांत जिरलं तर उत्तम. अर्ध्या तासात जिरलं तरी चालेल. तासभर हललं नाही, तर तिथं शोषखड्डा करायचा नाही. सगळं वर येतं.

"सगळं म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं, आई."

"स्वयंपाकघराच्या पाठीला? देव राहतील का रे घरात?"

"देवांपासून पन्नास फूट आहे. विहिरीपासूनही पन्नास. मी मोजलंय."

खड्डा गुणाजीनं खणला. गुणाजी वाडीवरचा जुना गडी, रहाट हाकायचा. त्याला हा सगळा प्रकार विनोदी वाटत होता.

"भाऊ, येवरी वाडी मोकली पडलीय, आन् तुमी घराचे पाठीलाच..." बाकीचं त्यानं सासूबाईंकडे बघून गिळलं. "आन् बगायचं काय त्यात? ही पुलन हाय. रेतीत पानी थांबतंय व्हय कदी?"

खरं होतं. वाडीची जमीन समुद्राची. पाटातलं पाणी दहा पावलांत नाहीसं व्हायचं. खड्डा दिवसभर भरला. दुसऱ्या सकाळी, सोमवारी, भाऊंनी पट्टी रोवली आणि घड्याळ काढलं.

पाच मिनिटं झाली.

दहा.

अर्धा तास.

पाणी... हललंच नाही.

गुणाजीनं दहा हातांवर स्वतःच्या हौसेनं दुसरा खड्डा खणला. त्यात घागर ओतली. तो गटागटा प्याला. मग गुणाजी पहिल्या खड्ड्याकडे आला, पाण्यात बोट बुडवलं आणि धोतराला पुसलं. हसला नाही.

"थंड हाय," एवढंच म्हणाला.

मे महिन्यात. उन्हातलं पाणी.

"मग तिथेच बांधू की, दहा हातांवर," सासूबाई म्हणाल्या.

"तो विहिरीच्या अंगाला आहे. पन्नास फूट भरत नाहीत," भाऊ म्हणाले. "माती बसायला वेळ लागत असेल. अनुसूये, तू जरा बस. नोंद ठेव."

ती घड्याळ घेऊन पाटावर बसली. तासभर बसली. पट्टीवर पाण्याची रेघ जिथल्या तिथं. तिला उगाच वाटायला लागलं, की कुणीतरी पाणी खालून हातावर तोलून धरलंय.

सासूबाईंनी हाक मारली. ती आत गेली, चहाचं आधण उतरवलं, परत आली.

पाणी इंचभर खाली होतं.

ती बसली. पाणी थांबलं. उठून विहिरीपर्यंत गेली, आली. आणखी एक इंच. ती बसली, की पाणी थांबे. तिची पाठ वळली, की एक इंच. कमी नाही, जास्त नाही.

तिनं घरातला तांब्या आणला. भरून खड्ड्यात ओतला.

पाणी चढलं... बरोबर एक इंच.

म्हणजे ते जिरत नव्हतं. कुणीतरी तांब्यानं नेत होतं.

तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. खड्ड्याच्या काठाला, ओल्या रेतीत, एक गोल उमटला होता. तांब्याच्या बुडाचा. दोन पावलांवर दुसरा. मग तिसरा. पाऊल मात्र कुठेच नव्हतं. नुसते गोल... पोफळींतून केवड्याच्या बनाकडे गेलेले.

ती त्या दिशेला बघत उभी राहिली. वारा पडलेला. माडाची झापसुद्धा हलत नव्हती.

आणि बनातून आवाज आला.

खाकरल्याचा.

दोनदा. आधी हलकं... मग जरासं वर.

अनुसूया पुढे सांगायची, की मला भीती नंतर वाटली. आधी मनात आलं ते असं, की सासूबाई म्हणत होत्या ते खरंच आहे. गोड आहे मेलीचं.

मंगळवारी सकाळी नुरुद्दीन आला. त्याचा मचवा मुंबई ते मांडवा माल वाहायचा. बैलगाडीत सिमेंटच्या गोणी आणि गवतात गुंडाळलेलं चिनी मातीचं भांडं. भाऊ पोस्टात गेले होते.

"वहिनी, बगून घ्या," नुरुद्दीन गवत बाजूला करत म्हणाला. "कुठं तडा न्हाय. आठ सालं वखारीत जपलाय."

"आठ वर्षं?"

"व्हय. छब्बीस सालचा माल हाय. भाऊंनीच मांगवलेला. मी मांडव्याला उतरवला, तर बंदरावरच खबर भेटली, का वहिनी... म्हंजे तेव्हाचे वहिनी..." त्यानं टोपी सारखी केली. "अल्ला बख्शे. भाऊ बोल्ले, परत ने नुरुद्दीन, माझे नजरेला नको. आता चिठ्ठी आली, का फुटला नसंल तर तोच आन."

"तोच?"

"तोच. मी बोल्लो, नवीन डिझाइन आलेत, घ्या. तर न्हाय. तोच."

पांढरं शुभ्र भांडं उन्हात चमकत होतं. अनुसूयेनं त्यावर गवत ओढलं.

भाऊ आले. तिनं त्यांना चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"भांडं तिचं आहे?"

"नवं आहे गं. कुणी वापरलेलं नाही."

"आणि जागा?"

"जागा तू दाखवलीस."

"माझ्याआधी कुणी दाखवली होती?"

भाऊ दाराशी टेकवलेल्या पट्टीवरची माती नखानं काढत राहिले. त्या पट्टीवर माती नव्हती.

"अकरा वर्षं मागत होती ती," ते शेवटी म्हणाले. "मी साऱ्या मुंबईला करून दिले. तिला म्हणायचो, पुढच्या मेमध्ये. तिनंही तिथेच बोट दाखवलं होतं. म्हणाली होती, मोगरा आहे, वास आला तरी कळायचा नाही."

गेले चार दिवस अनुसूया ज्याला आपलं म्हणत होती, त्यातलं वाक्यसुद्धा तिचं निघालं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. भाऊ ओटीवर लवंडले. सासूबाईंचा डोळा लागला. गुणाजी बैलांना घेऊन गेला होता.

ती मागच्या दारानं बाहेर आली.

खड्डा काठोकाठ भरला होता. सकाळपासून कुणी भरलेला नव्हता.

पाणी इतकं स्थिर, की तिला तिचा चेहरा दिसला. कपाळ, कुंकू, नथ. आणि गळ्यात टाक... तो मात्र पाण्यात दिसत नव्हता.

तिनं चाचपून बघितलं. गळ्यात होता. पाण्यात नव्हता.

मग तिनं ते केलं, जे दुसरेपणाच्या बाईनं कधी करायचं नसतं. टाक दोऱ्यासकट गळ्यातून काढला. खड्ड्यावर धरला आणि दातओठ खाऊन हळूच म्हणाली,

"जागा तुझी. भांडं तुझं. घे. पण माझं घर सोड."

आणि टाक सोडला.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग खड्ड्यातून आवाज आला. फार दिवसांच्या तहानेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा, तसा... एक लांब घोट.

खड्डा कोरडा.

तिनं हात घालून तळ चाचपला. नुसती रेती. टाक नव्हता.

संध्याकाळी भाऊंनी पुन्हा पाणी भरलं. इंचाला चार मिनिटं. त्यांनी दोनदा मोजलं आणि खूष झाले.

"आई, जमिनीनं हो म्हटलं," ते म्हणाले.

पावसाआधी टाकी झाली. भिंती आणि दार राहिलं, ते पाऊस संपल्यावर. पण तोवर घरात भलतंच काही होत गेलं.

वेणूबाई घरातून गेल्या.

सासूबाई आमटीचा घास घेऊन थांबेनाशा झाल्या. विळी नुसती विळी झाली. अनुसूयेच्या गळ्यात टाक नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सासूबाईंनी एकदोनदा तिच्या गळ्याकडे पाहिलं, काहीतरी आठवतंय असं केलं, आणि सुपारी कातरायला घेतली. भाद्रपदात अविधवा नवमी आली. वेणूबाईंच्या नावानं दरवर्षी सवाष्ण जेवायची. त्या दिवशी साधं भात-पिठलं झालं.

अनुसूयेनंच विचारलं, "आज नवमी ना?"

"कसली?" भाऊ म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. तिनं त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

दसऱ्याला संडास पुरा झाला. गुणाजीनं सवयीनं दाराला झेंडूचं तोरण बांधलं. कुणी त्याला अडवलं नाही. गावातली ती पहिलीच तशी वास्तू होती. नुरुद्दीनही आला. भाऊंनी नवा तांब्या भरून अनुसूयेच्या हातात दिला.

"पहिला मान तुझा," ते म्हणाले.

मंडळी सभ्यपणे पाठ फिरवून आपट्याच्या पानांबद्दल बोलू लागली.

ती मोगऱ्यापाशी आली. दार लोटलं.

उघडेना.

पुन्हा लोटलं.

कडी... आतून लागली होती.

तिनं मागे वळून माणसं मोजली. भाऊ. सासूबाई. गुणाजी. नुरुद्दीन. सगळी अंगणात.

मग तिनं, सवयीनं, खाकरलं.

आणि आतून उत्तर आलं.

दोनदा. आधी हलकं... मग जरासं वर.

अनुसूया तांब्या घेऊन उभी राहिली. झेंडूचं तोरण तिच्या डोक्याला लागत होतं. भीती वाटली, हे खरं. पण ती सांगायची, की त्याहून जास्त वाटला तो हेवा. एवढं करून, एवढं देऊन, पहिला मान पुन्हा तिचाच.

गुणाजी आला, त्यानं एका बोटानं दार ढकललं. उघडलं. आत कुणी नव्हतं. नव्या फरशीवर तांब्याच्या बुडाचा एक ओला गोल होता. भाऊ म्हणाले, फरशी अजून वाळायचीय.

त्यानंतर तो संडास सगळ्यांनी वापरला. भाऊंनी, सासूबाईंनी, पाहुण्यांनी. कुणाला कधी काही झालं नाही. फक्त अनुसूया गेली, की कडी आतून.

"अगो, आत्ताच तर मी आले जाऊन," सासूबाई म्हणत. "कोण असणार आत?"

कोण, ते त्या घरात आता एकट्या अनुसूयेला माहीत होतं. बाकी कुणाला ते नावच आठवत नव्हतं.

ती पुन्हा केवड्याच्या बनात जायला लागली. ज्या बाईच्या हट्टापायी गावात पहिला संडास झाला, ती जन्मभर तांब्या घेऊन बनात गेली. गावानं याला मुंबईकरणीचा तऱ्हेवाईकपणा म्हटलं. तिनंही तेच म्हणू दिलं.

भाऊ गेले. सासूबाई गेल्या. अनुसूयाकाकूही म्हाताऱ्या होऊन गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. केवड्याचं बन तोडून तिथं कुंपण घातलंय. संडास आहे. दार नवं आहे, कडी नवी आहे. आत भांडं मात्र तेच. नुरुद्दीन खोटं बोलत नव्हता, अजून कुठं तडा नाही.

मी गोष्ट इथंच थांबवणार होतो.

पण गेल्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न झालं आणि आम्ही वाडीत गेलो. भर दुपारी सगळे ओटीवर आंबे खात बसलेलो. नवी सून मागच्या दारानं आली आणि हळूच म्हणाली, "आत कोण गेलंय? कधीची उभी आहे मी."

मी माणसं मोजली. सगळी होती.

तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आतून काही ऐकू आलं का?"

"हो. कुणीतरी खाकरलं."

"दोनदा? आधी हलकं, मग जरासं वर?"

तिनं आठवून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाच. पण केवढ्यानं... गाडीवानानं बैल हाकल्यासारखं."

म्हणजे काकूंना शेवटी आत जागा मिळाली. कडी लावायलाही मिळाली. चांगलं झालं. मला खरोखर बरं वाटलं.

पण त्या दिवसापासून मी वाडीत मागच्या दाराला जात नाही.

कारण काकू जर आत असतील... तर वेणूबाई सध्या बाहेर आहेत. तांब्या घेऊन. कुठेतरी थांबल्या आहेत.